न चाखलेली चव

कांदा तव्यावर पडला की विमलताई मान किंचित कलती करून ऐकत राहत. आधी एक ओला, चिडका आवाज उठे, मग तो हळूहळू खाली बसत मऊ होई, आणि माझ्या कानांना काहीच वेगळं जाणवलेलं नसताना एका क्षणी त्यांच्या हातातलं उलथणं हले. तोवर त्यांच्या चेहऱ्यावर, आतल्या खोलीत निजलेल्या मुलाची चाहूल घेणाऱ्या बाईची एकाग्रता असे. तवा हा त्यांचाच शब्द. प्रत्यक्षात ती दाराएवढी लांबरुंद, जाड लोखंडी फळी होती, खालून गॅसवर तापणारी, आणि गावातल्या दोन-तीन पिढ्यांची भूक तिच्यावर खरपूस झाली होती. हिवाळ्यात काचा वाफेने धूसर होत आणि बाहेरून पाहणाऱ्याला आत फक्त एक पांढरा अ‍ॅप्रन आणि एक कलती मान दिसे.

वेलिंग्टनजवळचं पोरिरुआ मागे टाकून उत्तरेकडे निघालं की काही वेळाने महामार्ग समुद्राच्या अगदी कडेला येतो. पुढे डोंगर जरा मागे सरकून माणसांना राहण्यापुरती जागा देतात, तिथे ते गाव होतं. नव्वदीच्या दशकाची अखेरची वर्षं. गावातल्या एकुलत्या एका औषधांच्या दुकानात मी फार्मसिस्ट होते आणि त्याच दुकानाच्या माडीवर राहत होते. पुण्याहून आले तेव्हा एकांताची मला हौस होती. पहिल्या हिवाळ्यातच ती फिटली. सगळं गाव मला हसून 'किया ओरा' असा तिथला नमस्कार करी, हवेबद्दल बोले आणि आपापल्या घरी जाई. माझ्या तोंडून मराठी शब्द निघे तो फक्त काही सांडलं-लवंडलं तर, आणि तोही चारचौघांत सांगण्याजोगा नसे. अशात एक दिवस रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला एक ठेंगणी, साडी नेसलेली बाई आली, तिने माझ्या छातीवरची नावाची पट्टी वाचली आणि माझ्या उत्तराची वाटही न पाहता म्हणाली, "अगं, तू तर आपली. संध्याकाळी ये दुकानात. समोरच तर आहे."

समोरचं ते बर्गरचं दुकान मी रोज पाहत होते आणि आत एक मराठी बाई असेल हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं. आत लाल रंगाची उंच स्टुलं होती, कोपरांनी घासून जागोजागी फिकी झालेली फॉर्मायकाची टेबलं होती, मिल्कशेकचे पोचे आलेले उंच पेले होते, आणि भिंतीवर हाताने रंगवलेला पदार्थांचा फलक होता, ज्यात वर्षानुवर्षं फक्त किमतीच तेवढ्या पुसून पुन्हा लिहिल्या गेल्या होत्या. बर्गरही जुन्या चालीचा. खिम्याची जाड टिक्की, परतलेला कांदा, अंडं, अननसाची चकती आणि व्हिनेगरमध्ये मुरलेल्या बीटाच्या फोडी, ज्यांचा लाल रस पावातून मनगटापर्यंत ओघळलाच पाहिजे असा दंडक. शहरांत तेव्हा बड्या कंपन्यांची चकचकीत दुकानं उघडत होती. तिथला बर्गर कुठल्याही गावात सारखाच लागे म्हणून लोकांना आवडे. इथला फक्त काल लागला होता तसा आज लागे, आणि त्यासाठी माणसं वाट वाकडी करून येत. वेलिंग्टनला नाहीतर ऑस्ट्रेलियाला गेलेली मुलं नाताळच्या सुट्टीत आपली मुलं घेऊन परतत, पहिला घास घेऊन डोळे मिटत आणि म्हणत, "सेम अ‍ॅज एव्हर, विमल. स्वीट अ‍ॅज." म्हणजे तिथल्या बोलीत, एकदम झकास. त्यांचं सबंध लहानपण त्या घासात असे. विमलताई अ‍ॅप्रनला हात पुसून हसत.

त्यांनी स्वतः तो बर्गर कधीच चाखला नव्हता.

मिरजेच्या सोवळ्याओवळ्याच्या घरात त्या वाढल्या होत्या. कांदा-लसूण चातुर्मासात वर्ज्य, आणि खिमा हा शब्द घरात कोणी उच्चारला असता तर त्याला अंघोळ करावी लागली असती. यजमान ड्राफ्ट्समन. इथे आल्यावर त्यांना त्यांच्या तोलाचं काम कोणी देईना, तेव्हा साठवलेले पैसे घालून त्यांनी हे दुकान घेतलं, जॉइस नावाच्या म्हाताऱ्या मालकिणीकडून. जॉइसने आणि तिच्या नवऱ्याने ते आपल्या तरुणपणी उघडलं होतं. विकताना तिने एकच गोष्ट मागितली होती, की आतलं काही बदलू नका. यजमान खिमा मळत आणि चाखत, विमलताई बाकीचं बघत. दुसऱ्याच हिवाळ्यात ते हृदयविकाराने गेले. तेराव्यानंतर विमलताईंनी दुकान उघडलं, खिम्यात पहिल्यांदा हात घातला, आणि तो कोणत्या प्राण्याचा हे तोंडाने कधी म्हणायचं नाही एवढाच नियम स्वतःला घालून घेतला. चाखण्याची पायरी मात्र त्यांच्याने चढवेना. ती जबाबदारी न सांगता, न सवरता जॉइसने उचलली.

दुपारी तीनच्या सुमाराला, जेवणाची गर्दी सरलेली असे आणि शाळा अजून सुटलेली नसे, तेव्हा जॉइस येई. विमलताई तिला जॉइसबाई म्हणत आणि अदबीने वागत. मी मनात तिला अगं-तुगं करी, कारण इंग्रजीतलं 'यू' मला तसंच ऐकू येई. जॉइस विमलताईंना 'विम' म्हणे. आमच्याकडे त्या नावाची भांडी घासायची पावडर मिळते, ही गोष्ट आम्ही दोघींनी तिला कधी कळू दिली नाही. भिंतीकडच्या शेवटच्या स्टुलावर ती बसे, डोक्याचा रुमाल सोडून घडी घालून मांडीवर ठेवी, आणि समुद्रावरून आलेलं उतरतं, पातळ ऊन तिच्या पांढऱ्या केसांतून आरपार जाई. विमलताई बर्गरचे दोन भाग करून तिच्यापुढे ठेवत आणि पलीकडे हात बांधून उभ्या राहत. जॉइस पहिला घास सावकाश चावे. तेवढा वेळ दुकानात फक्त फ्रीजची घरघर आणि रुळांवरून जाणाऱ्या गाडीचा दूरचा आवाज असे. मग ती मान हलवी. "दॅट्स द वन, डिअर." विमलताईंचे खांदे खाली येत, त्या स्वतःसाठी चहा ओतत आणि समोरच्या स्टुलावर बसत.

मग दोघी बसून राहत. विमलताईंचं इंग्रजी दुकानापुरतं, जॉइसची ऐकण्याची यंत्रणा बेभरवशाची. एक हवेबद्दल काही म्हणे, दुसरी भाव वाढल्याबद्दल, आणि दोघींनाही आपल्याला उत्तर मिळालं असं वाटे. दक्षिण ध्रुवाकडून येणारा बोचरा वारा दाराच्या फटीतून शीळ घाली. माझी चहाची सुट्टी मी मुद्दाम त्या वेळेला घेई आणि कोपऱ्यात ग्रिल्ड चीज सँडविच खात त्यांच्याकडे पाहत बसे. खरं सांगायचं तर मला त्यांचा हेवा वाटे. त्या गावात आपली वाट पाहणारं एक माणूस त्या दोघींनी एकमेकींपुरतं मिळवलं होतं, आणि माझी वाट पाहणारं कोणी नव्हतं.

वेलिंग्टनच्या जॉन्सनव्हिल उपनगरात विमलताईंचे धाकटे दीर राहत. रविवारी त्यांचा फोन येई. "वहिनी, कशाला एकट्या कुढत बसताय तिकडे? विका ते आणि या इकडे. हीप्स ऑफ आपली माणसं आहेत. गणपती असतो, भजन असतं." विमलताई हो-हो करत आणि फोन ठेवत. एकदा मीही विचारलं, का जात नाही म्हणून. त्या म्हणाल्या, "ह्यांनी शब्द दिलाय जॉइसबाईंना, काही बदलणार नाही म्हणून. मला चव कळत नाही. त्या मान हलवतात तेव्हा मला कळतं की शब्द पाळला जातोय. त्या आहेत तोवर मी आहे इथे." बोलताना त्या फडक्याने काउंटर पुसत होत्या, आणि तो आधीच स्वच्छ होता.

त्यानंतरच्या हिवाळ्यात गावात फ्लूची मोठी साथ आली. जॉइस पंधरवडाभर अंथरुणाला खिळली. बरी झाल्यावर औषधं न्यायला आली तेव्हा दुकानात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. पिशवीत बाटल्या भरता भरता, पाऊस थांबल्याचं सांगावं तशा सुरात तिने मला सांगितलं, की तापानंतर तोंडाची चव गेली आहे. वासही येत नाही. डॉक्टर म्हणतात, या वयात परत येईल असं वाटत नाही. कॉफी आणि गरम पाणी सारखंच लागतं. मी काहीतरी धीराचं बोलले. तिने माझ्या हातावर हात ठेवला. "विमजवळ हे बोलू नकोस, लव्ह. ती काळजीने आजारी पडेल."

त्याच दुपारी तीनला ती समोर गेली. मी काचेतून पाहत होते. रुमालाची घडी झाली, पहिला घास झाला, नेहमीपेक्षा जरा अधिक सावकाश, आणि मान हलली.

गिऱ्हाइकाचं दुखणं दुसऱ्याला सांगायचं नाही हा आमच्या पेशाचा पहिला धडा, त्यामुळे गप्प राहणं मला अवघड जायला नको होतं. गेलं. रोज दुपारी मी सँडविच घेऊन बसे आणि समोर, जिने कधी चाखलं नाही अशी बाई, जिला आता चाखता येत नाही अशा बाईपुढे बशी सरकवी. एक श्वास रोखून उभी राही, दुसरी निरर्थक झालेला घास विचारपूर्वक चावे. मला कधी हसू येई आणि कधी माझं सँडविच तसंच पुढ्यात राही. जॉइस त्या अभिनयात तरबेज होती. बीटाचा रस मनगटावरून पुसताना ती पूर्वीसारखीच स्वतःवर चरफडे, कधी कांद्याची तारीफ करी. हिवाळा सरला, डोंगरावर गॉर्सची काटेरी झुडपं पिवळी फुलली, ऊन काउंटरवर अधिक वेळ रेंगाळू लागलं. तिचे घास मात्र लहान होत गेले, आणि उरलेला अर्धा भाग कागदात गुंडाळून ती घरी नेऊ लागली. तो खाल्ला जात असेल असं मला वाटत नव्हतं.

वसंत संपता संपता जॉइस झोपेतच गेली. चर्चशेजारच्या हॉलमध्ये गावाने बशा भरभरून केक आणि सँडविचेस आणले. विमलताई पांढरी साडी नेसून आल्या होत्या. सगळे काळ्या कपड्यांत, आणि त्या तेवढ्या पांढऱ्या. त्यांनी चहाची किटली हाती घेतली आणि शेवटपर्यंत त्या चहाच ओतत राहिल्या. दुसऱ्या दिवशी दुकान वेळेवर उघडलं. तीनच्या सुमाराला मी गेले. तवा तापलेला होता आणि त्याच्यावर काहीच नव्हतं. विमलताई बाहेरच्या बाजूला, गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसल्या होत्या.

मला वाटलं, आता सांगायला हरकत नाही. "ताई, एक सांगायचं होतं. जॉइसची चव..."

"गेली होती," त्या म्हणाल्या. "मला ठाऊक आहे."

"कसं कळलं?" मी विचारलं.

"मागे एकदा खिम्यात मीठ घालायचंच राहिलं माझ्याकडून. संध्याकाळी एका ट्रकवाल्याने सांगितलं, बिचाऱ्याने अगदी सॉरी म्हणत. आणि दुपारी जॉइसबाई तोच खाऊन म्हणाल्या होत्या, दॅट्स द वन. तेव्हाच समजले मी."

"मग बोलला नाहीत ते त्यांना?"

"बोलून काय करू? चव नाही म्हटल्यावर त्यांनी यायचं कशासाठी?" त्या थोडा वेळ काउंटरवर बोट फिरवत राहिल्या. "आणि नैवेद्याचा स्वयंपाक आपण कुठे चाखून बघतो, सांग. मनापासून करायचा आणि पुढे ठेवायचा. मीठ कमी पडलं म्हणून देव कधी सांगायला येत नाही." त्यांनी भिंतीकडच्या शेवटच्या स्टुलाकडे पाहिलं. आवाज बदलला होता. "पण देव समोर येऊन बसतही नाही गं. त्या बसायच्या."

मी त्यांच्याशेजारी बसले. दोघींनाही रडू आलं आणि ते लपवण्याचं काही कारण नव्हतं, कारण दुकानात आणि त्या घटकेला बहुधा सबंध गावात, आम्हाला समजून घेईल असं तिसरं कोणी नव्हतं. बाहेरून एक ट्रक गेला आणि काचा थरथरल्या. मग शाळा सुटली आणि मुलं आत घुसली तेव्हा त्या उठल्या, नळाखाली तोंड धुतलं आणि कांदा चिरायला घेतला.

उन्हाळाभर त्यांनी दुकान चालवलं. येणारे येत, डोळे मिटत आणि सगळं तसंच आहे म्हणत. विमलताई हसत, पण त्यांचे खांदे उतरत नसत. पानगळीच्या सुमाराला त्यांनी दुकान विकलं आणि दिरांकडे गेल्या. जॉन्सनव्हिलला माणसं होती, गणपती होता, भजन होतं, आणि फोनवर त्या नेहमी म्हणत, सगळं छान आहे गं. पुढे मीही ऑकलंडला गेले. काही वर्षांनी विमलताई गेल्याचं मला कोणाकडून तरी उशिरा कळलं. त्या दोघींच्या दुपारी आता फक्त माझ्याजवळ आहेत. एखाद्या उतरत्या उन्हाच्या वेळी मी त्या मनात मांडून बघते, तशाच्या तशा आहेत असं मला वाटतं, आणि माझ्या समोर बसून त्यावर मान हलवील असं माणूस आता या जगात कुठेही नाही.