सोपानाची जागा

"मोटार पुढं जाणार नाही. उतरा सगळे!" शिपायानं दांडा आपटला.

जुन्नर समोर दिसत होतं, पण नाक्यावर लाकडी अडसर आडवा टाकला होता. पुण्यात परदेशी पुढाऱ्यांची मोठी परिषद भरली होती आणि ती पाहुणेमंडळी आज लेणी बघायला येणार होती. त्यांच्या मोटारी गावातून जायच्या म्हणून दुपारपर्यंत बाजार बंद. बोरी गावची माणसं कुरकुरत मागं फिरली. कुशाबाई मात्र फिरली नाही. भाकरीचं फडकं पदराखाली धरून ती ओढ्याकडच्या बोळात शिरली.

दर रविवारी ती भावासाठी यायची. एकाच आठवड्यात पटकीनं बायको आणि तान्हं लेकरू गेलं, तेव्हा सोपान घरातून उठला तो चालत जुन्नरला आला आणि गफूर तांबटाच्या दुकानापाशी, पायरीच्या कडेच्या दगडावर बसला. घरी नेला की परत यायचा. बोलणं सुटलंच होतं. कुशाबाई त्याच्या डोक्याला तेल लावायची, घास भरवायची. बहीण म्हणून तो तिला ओळखत होता की नाही, कोण जाणे. पण तिचा हात पुढं आला की तोंड उघडायचा.

बोळ संपला आणि ती थबकली. रविवार असून पेठेत चिटपाखरू नव्हतं. भिंतींना पुरुषभर उंचीपर्यंत ताजा चुना फासला होता, त्याच्यावर जुना काळपटपणा तसाच. पताका सळसळत होत्या. एरवी अंगावर येणारी कुत्रीही कुठं दिसेनात. दर चार दुकानांमागं एक बाहेरगावचा शिपाई उभा, आणि सगळ्यांची तोंडं रस्त्याकडं नव्हती, घरांकडं होती. मिटल्या दारांकडं ते टक लावून बघत होते. दारांच्या फटींतून आतली माणसंही बघत असावीत. कुठंतरी आत एक मूल रडायला लागलं आणि तोंडावर हात ठेवल्यासारखं एकदम थांबलं.

कुशाबाई भिंतीच्या कडेनं चालत तांबटाच्या दुकानापाशी पोचली. सोपान नव्हता. दगड फिनेलनं धुतला होता. त्याच्या पाठीनं भिंतीवर पडलेला तेलकट डागही चुन्याखाली गेला होता.

"ए बाई! कुठं चाललीस?" शिपाई धावत आला.

"हितं माजा भाऊ बसतो. त्याला बगाय आले."

"इथं कुणी बसत नाही."

"बसतो, साहेब. लई वर्सं झाली. आख्ख्या पेठंला ठावं हाय."

"सांगितलं ना, कुणी नव्हतं इथं."

तो रागावून बोलला नाही, अगदी शांतपणे बोलला.  क्षणभर कुशाबाईलाच वाटलं, खरंच कुणी नव्हतं का?

तेवढ्यात लांबून कुणी हाक मारली म्हणून शिपाई वळला आणि तिच्या पाठीमागची दुकानाची फळी हलली. फटीतून हलका आवाज आला.

"कुशाक्का, मी गफूर. आत या. लौकर."

ती आत गेली. अंधारात तांब्याचे हंडे मंद चमकत होते. गफूर तिच्या नजरेला नजर देईना.

"सोपान कुटंय, गफूरभाऊ?"

"परवा ट्रक आला व्हता. लंगडा फकीर, मशिदीपाशी बसायच्या त्या दोघी म्हाताऱ्या, सोपान, समद्यांना चढवलं. पावण्यांच्या नजरंला नको म्हून. मी आडवा ग्येलो, अक्का. म्हनलं, आमच्या घरात ठिवतो. त्यांनी ऐकलं न्हाई."

"सोपान वरडला का?"

"न्हाई. हात धरला तसा निगाला."

बाहेर शिट्टी वाजली. काळ्या मोटारी धुरळा उडवत आल्या आणि गेल्या. काचांना पडदे होते. कुणी टाळी वाजवली नाही, कुणी बाहेर बघितलं नाही. मग फळ्या धडाधड उघडल्या आणि काही झालंच नसल्यासारखा भाजीवाल्यांचा ओरडा सुरू झाला. त्या गजबजाटाची कुशाबाईला जास्त भीती वाटली.

ट्रकनं त्यांना माळशेज घाटात सोडलं होतं. आठवडाभरात एकेक करून बाकीचे सगळे परतले. लंगड्या फकिरानं सांगितलं, "आमी हिकडं वळलो. त्यो खाली, कोकनाच्या अंगाला चालत ऱ्हायला. लई हाका मारल्या. मागं वळून बगितलं न्हाई."

कुशाबाईचा नवरा कुंडलिक घाट उतरून खालच्या गावांतून विचारत फिरला. असा माणूस कुणीच बघितला नव्हता.

कुशाबाईचं रविवारचं येणं मात्र सुटलं नाही. सोपानाच्या जागी ती परतीच्या मोटारीपर्यंत बसून राही. गफूर आतून बघत असे.

एका रविवारी पेठेतून चाललेल्या एका बाईनं तिच्यासमोर एक आणा टाकला. गफूर हातोडा टाकून धावत बाहेर आला.

"ओ बाई, त्या भिकारीन न्हाईत! बोरीच्या चांगल्या घरच्या हायत!"

ती बाई ओशाळली आणि आणा परत घ्यायला वाकली. पण कुशाबाईनं त्यावर आधीच तळवा ठेवला होता.

"असू द्या, गफूरभाऊ," ती म्हणाली. "तकडं त्यालाबी कुनीतरी आसंच देत आसंल."

बाई निघून गेली. गफूरनं परत हातोडा उचलला. मोटारीचा भोंगा वाजेपर्यंत कुशाबाईनं त्या आण्यावरचा हात काढला नाही.