माळ्यावरून उतरलेला जमखाना

मित्रांनो, रोज सकाळी तुम्ही माझ्यावर मांडी घालून बसता, डोळे मिटता आणि हळूच एक डोळा उघडून शेजाऱ्याला चिमटा काढता. मला सगळे कळते बरे! मी एक जुना जमखाना आहे. कुणी मला सतरंजी म्हणते, त्याचेही मला वाईट वाटत नाही. आज मात्र थोडा वेळ शांत बसा आणि माझी कहाणी ऐका.

माझा जन्म हुबळीजवळच्या नवलगुंदचा. तिथे रसूलबी नावाच्या बाईने आपल्या घरातल्या उभ्या मागावर मला विणले. सुताची एक ओळ घालायची आणि लोखंडी पंजाने ठोकून घट्ट बसवायची, असे तिचे काम दिवसचे दिवस चाले. ते ठोके मला सोसत नसत, पण त्यांनीच माझे अंग मजबूत केले. तिने माझ्या कडेला मोर काढले आणि मधोमध सोंगट्यांचा पट विणला.

हुबळीच्या बाजारातल्या एका कापड-व्यापाऱ्याने मला विकत घेतले. त्यांच्या पत्नी हिराबाई मोठ्या हौशी. "बघा तरी, मोर कसे नाचतायत!" असे म्हणत त्या आल्यागेल्याला मला दाखवीत. सणावारी मला अंथरीत, मग घडी घालून ठेवीत.

त्याच सुमारास, म्हणजे १९३६-३७ साली, हुबळीतल्याच कमरीपेठेत जयलक्ष्मी अक्कांनी बायकांसाठी योगासनांचा वर्ग सुरू केला. अक्का कानडी शाळेत शिकवीत. आसने त्या आपल्या वडिलांकडून शिकल्या होत्या. बायकांनी आसने करायची, ही गोष्ट पेठेत नवलाची होती. लोक हसले. पण हिराबाईंची कंबर इतकी धरली होती की त्यांना वाकून रांगोळी काढता येईना. त्या सून इंदुमतीला घेऊन वर्गाला गेल्या. महिन्याभरात त्या पुन्हा अंगणात ओणव्या होऊन रांगोळी काढू लागल्या. आनंदाच्या भरात त्यांनी मला उचलले आणि वर्गाला देऊन टाकले.

काय सांगू तुम्हांला! माझे दिवस पालटले. चार वाजले की अक्कांच्या सोप्यात मला अंथरीत. नऊवारीचा काचा घट्ट मारून बायका येत. भुजंगासन करता करता कुणाला हसू फुटे आणि सगळा वर्ग हसत सुटे. घरी ज्यांना मोठ्याने हसता येत नव्हते, त्या माझ्यावर पोट धरून हसल्या.

एके दिवशी दारात सखूबाई उभी राहिली. ती अळणावराकडच्या खेड्यातून आलेली, सरकी काढण्याच्या कारखान्यात कामाला. तिच्या केसांत, पदरावर कापसाचे तंतू चिकटले होते.

"अक्का, चार पावलं चालले की धाप लागती," ती म्हणाली. "मी आले तर चालंल का?"

"बर्री, कूड्री! ये, बस," अक्का म्हणाल्या.

सखूबाई माझ्या कडेला अंग चोरून बसली. हिराबाईंच्या कपाळावर आठी पडली. वर्ग सुटल्यावर त्या म्हणाल्या, "अक्का, तिचं दुखणं मला कळतं. पण जमखाना खराब होईल हो. तिला खाली पोत्यावर बसवा."

अक्का माझ्यापाशी आल्या. मग त्यांनी स्वतः माझी गुंडाळी केली. "हिराबाई, तुमची वस्तू तुम्ही घेऊन जा. माझ्याकडं एकीला जमखाना आणि एकीला पोतं, असं नाही व्हायचं. उद्यापासून सगळ्या जमिनीवर बसू."

हिराबाईंचा चेहरा उतरला. त्या मला घेऊन घरी गेल्या आणि त्यांनी मला माळ्यावर टाकले. त्यांच्यामागून आणखी काही जणींनी वर्ग सोडला. अक्कांचा वर्ग आता मोडणार, असे पेठेत सगळे म्हणू लागले.

माळ्यावर अंधार होता. कुणाचे पाऊल नाही, हसणे नाही. इंदुमतीने मात्र वर्ग सोडला नाही. हिराबाईंनी तिला अडवले नाही आणि काही विचारलेही नाही. तीच आपणहून सांगायची, "आत्याबाई, आज दोघी नव्या आल्या. सखूबाई आता न थांबता घरी चालत जाते म्हणे." हिराबाई नुसत्याच तांदूळ निवडत राहायच्या. पण मी वरून ऐकायचो. खोलीचे दार लावून त्या एकट्याच आसने करून बघत आणि मधेच उसासा टाकून उठत. एकटीला त्यांना ते गोड लागत नसे.

पावसाळा सरला. दिवाळीच्या साफसफाईत मला खाली काढले, तेव्हा एका कडेचे मोर वाळवीने खाल्ले होते. हिराबाई मट्कन खाली बसल्या.

"किती जपलं रे तुला!" त्यांच्या डोळ्यांत पाणी आले.

इंदुमती चाचरत म्हणाली, "रागावू नका, आत्याबाई. आपण जपलं नाही त्याला, कोंडून ठेवलं."

हिराबाई रागावल्या नाहीत. त्यांनी मला उन्हात घातले, झटकले आणि खाल्लेल्या कडेला आपल्या हातांनी जाड खादीची पट्टी शिवली. दुसऱ्या दिवशी सासू-सुनांनी दोन्ही बाजूंनी मला उचलून अक्कांच्या घरी नेले. सोपा बायकांनी भरलेला होता. हिराबाईंचे पाऊल उंबऱ्यावर अडले.

"अक्का, चुकले मी," त्या कशाबशा म्हणाल्या.

अक्का बोलायच्या आत सखूबाई उठली. तिने माझे टोक हातात घेतले. "बाई, लई जड हाय की हो ह्यो! कंबर धरंल तुमची. सोडा, मी अंथरते." मग आपल्या शेजारची जागा हाताने झाडून ती म्हणाली, "हितं बसा. हितं वारं चांगलं लागतं."

हिराबाई बसल्या. दोघींनी एकदमच हात वर केले, दोघींनी एकदमच श्वास भरून घेतला. मित्रांनो, त्या श्वासाने मला माळ्यावरच्या अंधाराचा विसर पडला.

आता माझा रंग विटला आहे. अक्कांनी सकाळी तुम्हां मुलांचाही वर्ग सुरू केला आहे, त्यामुळे मला क्षणाची उसंत नाही. माझी एकच विनंती आहे. मला ओल्या पायांनी तुडवू नका, आठवड्यातून एकदा ऊन दाखवा. पण झिजेन म्हणून मला उचलून ठेवू नका. दाराशी कुणी नवे पोर घुटमळताना दिसले, तर थोडे सरकून घ्या. मी पुष्कळ मोठा आहे.

चला, आजचा वर्ग संपला. चौघे उठा, एकेक टोक धरा आणि झटका मला जोराने!