कानिफनाथची चिंधी

कानिफनाथ बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवायचा, म्हणजे गाल फुगवायचा. बाकीचे एकापेक्षा एक पटाईत. याचा सूर मात्र कुठं जाईल याचा नेम नसे. गणवेशातला एक माणूस कमी दिसू नये म्हणून गहिनीनाथ मास्तरांनी त्याला ठेवून घेतलं आणि त्याच्या वाद्यात चिंधी कोंबून दिली. पठ्ठ्या तरी हिरमुसला नाही. रोज पहाटे चिंधी काढून आटलेल्या विहिरीपाशी एकच चाल घोटायचा, नवरी सासरी निघतानाची. मास्तर आपल्याला मोठ्या मोक्यासाठी राखून ठेवताहेत, असं त्यानं मनाशी पक्कं केलं होतं. त्याच्या बायकोला, चांगुणाला, तर बँडमधला प्रत्येक गोड सूर त्याचाच वाटे. तिचा हा समज त्यानं कधी मोडला नाही.

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात, ऐन दुष्काळात, घोडेगावात चांगुणाच्या चुलत बहिणीचं लग्न निघालं आणि बँडही मास्तरांचाच ठरला. चांगुणानं मांडवभर सांगून ठेवलं, "नीट ऐका, आमचे मालक वाजवनार हायती!" कानिफनाथनं चिंधी आणखी आत कोंबली.

त्यातच वाजवणाऱ्यांना चहा आला, तो बशीशिवाय. कलावंतांचा केवढा अपमान! मास्तरांनी कप उपडा केला, ढोलवाल्यानं ढोल. मंगलाष्टकं संपली, अक्षता पडल्या, तरी कुणी वाद्याला हात लावेना. मांडव चिडीचूप. सगळ्या बाया चांगुणाकडं बघू लागल्या, आणि तिची मान खाली गेली.

कानिफनाथला ते बघवेना. त्यानं चिंधी ओढून काढली आणि येत होती तीच चाल लावली.

दोन सूर फाटले, तिसरा लागला. हार गळ्यात पडायच्या आतच नवरी हुंदके द्यायला लागली. तिच्या आईनं हंबरडा फोडला. सासऱ्यानं घाबरून गाडीला बैल जुंपायला सांगितले, जेवणाआधीच! तेव्हा कुठं मास्तर खडबडून उठले आणि त्याचा आवाज बुडवायला सगळा बँड एकदम वाजू लागला. बशीची आठवण कुणालाच राहिली नाही.

चांगुणा खांबाआड त्याच्याजवळ आली.

"अवो, मघाचं ते रडकं तुमचं हुतं?"

"व्हय."

"आन् इतके दिस मी ऐकत हुते, ते?"

कानिफनाथनं चिंधी पुढं केली. तिला सगळं कळलं आणि भयंकर रागही आला. पण मघाशी त्या चालीवर तीही रडली होती. तिनं त्याच चिंधीनं डोळे पुसले, ती कमरेला खोचली आणि म्हणाली, "मास्तरान्ला सांगा, ही पुन्हा पायजे आसंल तर माज्याकडं मागाया या."