नीलूची उजवी बाजू

आदेशला स्वतःला चित्र काढता येत नव्हतं, म्हणून तो दुसऱ्यांच्या चित्रांना मार्क द्यायचा. चिमूरचा पठ्ठ्या. जुन्या कार्टूनच्या सीड्या कुठून कुठून गोळा करायचा, मोबाईलसमोर सीडीचं कव्हर धरायचा, शेजारी कार्टूनमधलं खरं पात्र दाखवायचा आणि मग उचलली जीभ लावली टाळ्याला. नाकाला किती मार्क, डोळ्याला किती, कपड्याला किती. कव्हरवरचा ससा गाढवासारखा दिसला की ह्याची दिवाळी. आणि पाहणाऱ्यांचं काय सांगावं! दुसऱ्याची फजिती फुकटात पाहायला मिळत असेल तर माणूस भरल्या ताटावरून उठून येतो.

वडशाच्या रुखमाबाईला ह्यातलं काही ठाऊक नव्हतं. एका दुपारी शेजारची मंगली मोबाईल नाचवत घरात शिरली.

"अव बाई, पाह्य न व, बापूभाऊचं चित्र मोबाईलात आलं!"

रुखमाबाईनं हात पुसले, उजव्या गालावरचा पदर सारखा केला आणि मोबाईल डाव्या डोळ्याजवळ धरला. तेवढा एकच डोळा होता तिला. उजवा अस्वलानं नेला. लग्नाला दुसरं वर्ष लागलं होतं, सकाळी मोहफुलं वेचायला गेली होती, आणि झाडाखाली फुलं खात बसलेलं अस्वल तिला दिसलंच नाही. डोळा, गाल, ओठाचा कोपरा, सगळं एका पंजात गेलं. जीव तेवढा राहिला.

मोबाईलवर नीलू होती. विलायतेतलं जुनं कार्टून, हिंदीत आणलेलं. नीलू नावाची परी आणि तिचा जिवलग दोस्त गप्पू अस्वल, गोलमटोल, गळ्यात पिवळा मफलर. रुखमाबाईचा नवरा बापूराव तेव्हा नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचा. सीड्यांचा जमाना आला तेव्हा गावातल्या सीडीवाल्या श्रावणशेठनं नीलूच्या सगळ्या भागांची कव्हरं त्याच्याकडून काढून घेतली होती.

"सात कव्हरं हायेत माझ्यापाशी," आदेश मोबाईलात ओरडत होता, "अन् सातही कव्हरांवर नीलूचं अर्धंच थोबाड! पेंटरबुवा, उरलेलं अर्धं काय उंदरानं खाल्लं? अन् आपला गप्पू अस्वल कुठी हाय? हा पिवळा मफलर घालून कोण उभा हाय? हल्या! बाप्पा बाप्पा, अस्वलाचा रेडा करून टाकला! दहापैकी एक. तोही मफलराचा."

मंगली फस्सकन हसली, आणि रुखमाबाईकडं लक्ष जाताच तिनं तोंडाला पदर लावला.

रुखमाबाईला मात्र राग आला नाही. उलट आतल्या आत गोड वाटलं. हसा बाप्पा, तुम्हाला काय कळतं, असं तिला झालं. कारण नीलू म्हणजे तीच होती. मनानं चेहरा काढणं बापूरावाला कधीच जमलं नाही, समोर माणूस लागायचा. तो तिला स्टुलावर डाव्या अंगानं बसवायचा आणि तिचं नाक, तिची हनुवटी परीला द्यायचा. अस्वलानं जे नेलं ते त्यानं कोणाला दिसू दिलं नाही, आणि अस्वलाला तर कव्हरवर पाय ठेवू दिला नाही. सासू म्हणायची दुसरी कर, तर त्यानं केली नाही. गल्लीतल्या बायका आपापल्या नवऱ्यांना सुनवायच्या, नवरा असावा तर बापूभाऊसारखा. रुखमाबाईचा सगळा संसार ह्या एका गोष्टीवर उभा होता. घरात आरसा नव्हता. भिंतीवर ती सात कव्हरं लावलेली होती, तिला तेवढ्यात भागायचं.

मग कोणीतरी आदेशला कळवलं की हा पेंटर वडशात आहे, जिवंत आहे. झालं! दुसऱ्याच आठवड्यात पोरगा मोटारसायकल घेऊन दारात. त्याला वाटलं होतं म्हातारा शिव्या देईल, आणि त्याचाही एक झकास व्हिडिओ होईल. पण फ्लेक्स आल्यापासून बापूरावाला कुत्रं विचारत नव्हतं. कोणी टिंगलीसाठी का होईना नाव घेतलं, ह्यातच तो फुगला. आदेशनं त्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि तो शेंड्यावर जाऊन बसला.

अंगणात खाट टाकली. रुखमाबाई चुलीपाशी चहा उकळत होती, पण कान सगळा बाहेर.

"काका, अस्वलाचा हल्या काऊन केला?" आदेशनं विचारलं.

रुखमाबाईचा हात थांबला. आता तो सांगेल. इतक्या वर्षांत तिच्या तोंडावर कधी बोलला नाही, पण आता दुनियेसमोर सांगेल.

"अरे, श्रावणशेठनं सांगतलं," बापूराव म्हणाला. "इकडं लोक अस्वलाले भेतेत. पोट्टे रडतेत, सीडी खपत नाई. मंग मी हल्या काढून देल्ला. आपल्याले काय!"

तिनं उकळता चहा उगाच ढवळला. मग तिनंच स्वतःची समजूत घातली. पुरुषमाणूस आहे, परक्या पोरासमोर पोटातलं कशाला बोलेल?

"अन् अर्धं थोबाड?"

"थांब, तुले दाखवतोच. रुखमे! इकडं ये."

ती चहा घेऊन बाहेर आली. आदेशनं पेला बाजूला ठेवला आणि सोबत आणलेलं कव्हर तिच्या डाव्या गालाशी नेऊन धरलं. बाजारात वांगं पारखावं तसा त्यानं तिचा चेहरा पारखला.

"अरे बाप! नाक दहापैकी दहा. हनुवटी दहा. कानाची पाळीसुद्धा दहा! काका, तुमी तर बायकोच छापली!" मग मोबाईल जवळ आणत तो म्हणाला, "पण दुसऱ्या बाजूनं काऊन नाई काढलं कधी?"

"तिकडून कसं काढू? तिकडून पाहवत नाई, बावा," बापूराव हसत म्हणाला. "दवाखान्यात पट्टी काढली तवा एक डाव पाह्यलं होतं. अन्न गेलं नाई मले. तवापासून मी ह्याच बाजूनं बसतो. जेवताना ह्या बाजूनं, झोपताना ह्या बाजूनं. मान तिकडं वळूच नाई द्याची. माणसाले सवय होऊन जाते."

"तरी सोडलं नाई काकूले! मानलं बाप्पा!"

"सोडून जातो कुठी? पाह्यल्या होत्या न दोन पोरी. पेंटराले कोण देऊन राह्यलं होतं? मंग म्हटलं, राहू दे, हे तर हे."

त्यात कपट नव्हतं, हीच तर खरी मेख. भाव विचारल्यावर भाव सांगावा, तसं त्यानं सांगितलं. रुखमाबाई हातात रिकामा ट्रे धरून उभी होती. कोणी तिला बस म्हटलं नाही.

"काकू, जरासा पदर सरकवता का?" आदेश हळूच म्हणाला. "एकच शॉट."

तिनं नवऱ्याकडं पाहिलं.

"दाखव न व थोडंसं," बापूराव म्हणाला. "पोरगा एवढ्या लांबून आला." आणि हे म्हणताना त्यानं स्वतःची मान पलीकडच्या कुंपणाकडं वळवून ठेवली, सवयीनं.

तिनं पदर गच्च धरला आणि आत निघून गेली. चुलीपुढं बसून ती रडली, आणि रडताना सगळ्यात जास्त राग तिला स्वतःचा आला. इतकी वर्षं एका माणसाच्या किळसेला आपण प्रेम समजून ओवाळत बसलो! संध्याकाळी भिंतीवरची सातही कव्हरं उतरवून तिनं चुलीत घातली. बापूरावाला भिंत रिकामी झालेली कळलीसुद्धा नाही, तो मोबाईलवर वाहवा करणाऱ्यांची नावं मोजत होता.

कारण व्हिडिओ धो धो चालला. आणि लोकांची अक्कल बघा, ह्यावरही त्यांना गहिवरून आलं. 'खरं प्रेम', 'असा नवरा सात जन्म मिळो', लाल बदामांचा नुसता पाऊस. माणसाला जे ऐकायचं असतं तेच त्याला ऐकू येतं. त्या पावसात जंगलाच्या वेशीवरच्या मोहर्लीतल्या एका रिसॉर्टवाल्याचं निमंत्रण आलं. जेवणाच्या हॉलमध्ये भिंतीवर नीलू काढायची, पाहुण्यांच्या देखत, बायकोला समोर बसवून. आदेश सगळं थेट दाखवणार होता.

"येशील न व?" बापूरावानं विचारलं. नवा शर्ट त्यानं आधीच घेऊन ठेवला होता.

"येतो न," रुखमाबाई म्हणाली. "काऊन नाई येणार?"

सकाळच्या सफारीवरून परतलेले पाहुणे नाश्त्याला बसले होते. वाघ दिसला नव्हता, त्यामुळं निदान हे तरी पाहू असा सगळ्यांचा चेहरा. भिंतीला पांढरा रंग मारून ठेवलेला, पुढं स्टूल. आदेशनं मोबाईल तिवईवर चढवला. बापूरावानं ब्रश धुतला, हात झाडले आणि म्हणाला, "हं, बस."

रुखमाबाईनं स्टूल उचललं, दुसऱ्या बाजूला ठेवलं आणि उजवं अंग नवऱ्याकडं करून बसली. मग पदर डोक्यावरून खाली घेतला, तो थेट खांद्यावर.

हॉलमधले चमचे थांबले. एक बाई तोंडावर हात ठेवून उठून गेली. आदेशनं मोबाईल काही बंद केला नाही.

"अव, इकडून, इकडून," बापूराव दबक्या आवाजात म्हणाला. त्याची नजर तिच्या पायांवर होती.

"इकडून सात खेप काढलं तुमी. आज हे काढा. समोर माणूस असला का जमते न तुमाले?"

लोक पाहत होते. पळून जायला वाट नव्हती. बापूराव भिंतीकडं वळला आणि काढू लागला, आणि चित्र संपेपर्यंत त्यानं एकदाही मागं वळून पाहिलं नाही. भिंतीवर एक गुळगुळीत गाल आला, टपोरा डोळा आला, भरलेला ओठ आला. समोर न पाहता काढलेलं, म्हणून डोळा जरा वर चढला, नाक कुठल्याच माणसाचं झालं नाही.

आणि काय सांगू, हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला! "त्यानं तिला पूर्ण केलं," असं कोणीतरी म्हणालं. एका बाईनं तर डोळे पुसले. आदेश ओरडला, "दहापैकी दहा, काका! दहापैकी दहा!"

रुखमाबाई उठली. भिंतीपाशी जाऊन तिनं तो चेहरा निरखून पाहिला. मग मोबाईलकडं तोंड करून, उघड्या तोंडानं, आदेश जसा म्हणतो तसंच म्हणाली, "गालाले शून्य. डोळ्याले शून्य. ओठाले शून्य. हे कोण बाई हाय, मले मालूम नाई."

लोक हसले. त्यांना वाटलं गंमत चाललीय. ती हसली नाही.

"पुसा," ती बापूरावाला म्हणाली. "अन् आता पाहून काढा." आणि परत जाऊन स्टुलावर बसली, उजवा गाल पुढं करून.

बापूरावानं टर्पेंटाइनचा फडका घेतला. चेहरा ओला होता, पुसला गेला, भिंतीवर नुसता तांबूस डाग राहिला. दुपारच्या सफारीच्या जिप्सी लागल्या, पाहुणे वाघ शोधायला निघून गेले, वेटरनी प्लेटा उचलल्या. आदेशच्या मोबाईलची बॅटरी संपली, तो चार्जर शोधत फिरू लागला. हॉलमध्ये ती दोघंच उरली. बापूराव ब्रश धरून भिंतीकडं तोंड करून उभा होता, आणि त्याची मान काही वळत नव्हती.

"पाह्य," ती म्हणाली. लग्नाच्या इतक्या वर्षांत नवऱ्याला अरेतुरे ती त्या दिवशी पहिल्यांदा बोलली.