तक्ता नऊ

मी चिडकी आहे, हे आधीच सांगते. त्या दुपारी आई लॅपटॉपपाशी येऊन बसली तेव्हाही मी खेकसलेच, "आई, काम चालूये ना माझं!" आई तीस वर्षं कल्याणच्या दवाखान्यात नर्स होती. तिथल्या मोहने गावातली चाळ सोडून ठाण्यात माझ्या घोडबंदरच्या फ्लॅटमध्ये आली, पण दुसऱ्याच्या कागदांत डोकवायची सवय काही सुटली नाही.

मी जिनिव्हातल्या एका संस्थेत अर्थतज्ज्ञ, दौरे नसले की घरूनच काम. सरकारी औषधं गरिबांपर्यंत पोचतात का, ते देशोदेशी जाऊन तपासायचं आणि अहवाल लिहायचा. माझा सगळ्यात मोठा अहवाल त्या दिवशी साडेबाराला वेबसाइटवर येणार होता. देशाचं नाव सांगत नाही. तिथे सरकारविरुद्ध बोललेली माणसं घरी परतत नाहीत, एवढं पुरे.

आईने तक्ता नऊवर बोट ठेवलं. औषधं चोरीला जातात असं सांगणाऱ्या नर्स, तालुक्यांप्रमाणे.

"या तालुक्यात एकूण नर्स किती गं?"

"एक."

"आणि चोरी होते म्हणून सांगणाऱ्या?"

"एक."

"अगं, मग नाव कशाला झाकलंस?"

दोन वर्षांपूर्वी मी त्या एकट्या नर्सच्या आरोग्य केंद्रात गेलेले, तेव्हा ती पोरगी दार लावून बोलली. मंत्र्याचा भाऊच औषधं उचलतो, म्हणाली. मी तिचा हात धरून म्हटलेलं, तुझं नाव कुठेही येणार नाही. पाचपेक्षा कमी आकडा छापायचा नाही, नाहीतर माणूस ओळखू येतो, हा आमचा नियम, ज्युनियर लोकांना मीच शिकवते! आणि मार्टा, माझी बॉस, "तक्ता जरा सविस्तर कर" म्हणाली तर मीच हौसेने तालुके घातले. मोठी शहाणी!

बारा वाजून दहा मिनिटं. त्या नर्सला फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. मग मार्टाला लावला.

"मार्टा, अहवाल थांबव. आत्ताच्या आत्ता!"

"जागृती, गुरुवारी तुझा डायरेक्टरचा इंटरव्ह्यू आहे. आज अहवाल मागे घेतलास तर ते पद विसर."

"खड्ड्यात गेलं पद!" मी मराठीतच ओरडले. मग तिला तक्ता समजावला. ती थांबवते म्हणाली.

साडेबारा झाले. पावणेएक झाला. वेबसाइटवर काही आलं नाही. आईने पाणी दिलं, मी घटाघट प्यायले. "वाचली गं आई," म्हटलं आणि मला रडूच फुटलं. आई पाठीवरून हात फिरवत राहिली.

तेवढ्यात मार्टाचा फोन.

"जागृती, त्यांच्या सरकारला आपण प्रत पाठवलेली."

छापायच्या आधी अहवाल त्या त्या सरकारला वाचायला जातो, ही आमची पद्धत. तीन आठवड्यांपूर्वी मीच पाठवलेला. घाबरून गेले आणि तेच विसरले मी.

"त्यांचं उत्तर आज सकाळी आलंय," मार्टा म्हणाली. "दोनशे पानांत एकच दुरुस्ती सांगितलीये."

"कुठली?"

"तक्ता नऊ. त्या तालुक्यात एकूण नर्स एक, असं आपण लिहिलंय. तिथे शून्य करा म्हणतात."