पास झालेल्या काजूचा पट्टा

ओढू नका, सांगतो. मी पट्टा बोलतोय, कुत्र्याचा. निळा, नायलॉनचा, पाच फूट लांब. पिंपरीच्या एका दुकानात खिळ्याला लटकत होतो, तिथून उद्धवरावांनी मला चाकणला आणलं. माझं एक टोक काजूच्या गळ्यात गेलं, दुसरं उद्धवरावांच्या मुठीत. दोघांत शहाणा कोण, हे मला पहिल्याच दिवशी कळलं. पण पट्ट्याला विचारतो कोण?

काजू म्हणजे सोसायटीच्या पार्किंगमध्ये सापडलेलं गावठी पिल्लू. योगिनीवहिनींनी त्याला घरात घेतलं. वर्षभरात तो चांगला थोराड झाला. लिफ्टमध्ये लोकांच्या अंगावर उड्या मारायचा, पार्सलवाल्यावर भुंकायचा. शेवटी चेअरमन अण्णासाहेब दारात आले.

"उद्धवराव, महिनाभरात कुत्रं नीट वागलं पाहिजे. कमिटी स्वतः बघणार. नाहीतर हलवा त्याला."

एवढं बोलून त्यांनी जिन्याच्या कोपऱ्यात पिंक टाकली. त्यांना कुणी शिकवलं होतं देव जाणे.

वहिनींचा चेहरा उतरला, उद्धवरावांचा मात्र खुलला. ते गाड्यांच्या सुट्या भागांच्या कंपनीत क्वालिटीला होते.

"ऑडिट आहे म्हणजे! अगं, आम्ही अख्खा प्लांट पास करतो, हे तर एक कुत्रं."

त्यांचं ऑडिट कसं असतं, ते मी त्यांच्या फोनवरच्या गप्पांतून ऐकलंय. आदल्या दिवशी जमिनीवर पिवळ्या रेघा मारायच्या, कामगारांकडून चार उत्तरं पाठ करून घ्यायची, भंगार मागच्या शेडमध्ये ढकलायचं. पाहुणे गेले की भंगार परत पुढे.

काजूचंही तसंच झालं. रोज संध्याकाळी सात वाजता, तीच लिफ्ट, आणि रिकामं खोकं घेऊन पार्सलवाला झालेला तोच वॉचमन. "बस" म्हटलं की काजू बसायचा. मग चिकनचा तुकडा आणि "शाबास!" खरं सांगतो, त्या शाबासकीपुढे तो तुकडाही विसरायचा.

"अहो, त्याला बाजारात न्या, गर्दीत न्या. रोजचं वागणं शिकवा," वहिनी म्हणायच्या.

"ते चेकलिस्टमध्ये नाहीये."

काजू पास झाला. अण्णासाहेबांनी सही केलेला कागद लॅमिनेट होऊन फ्रिजवर चिकटला आणि दुसऱ्या दिवसापासून मी दारामागच्या खिळ्यावर. फिरणं बंद, तुकडा बंद, शाबासही बंद. वहिनी कधी मला हातात घ्यायच्या, तर उद्धवराव म्हणायचे, "पास झालाय ना आता?"

दोन महिन्यांनी एका सकाळी ते काजूला कंपनीच्या बस स्टॉपवर घेऊन गेले, मित्रांपुढे मिरवायला.

"पट्टा सोडतो. बघा भावांनो, जागचा हलणार नाही!"

आणि त्यांनी मला खरोखरच सोडलं. पन्नासेक माणसं, ट्रकांची रांग, त्यात बसनं कानाशी हॉर्न वाजवला. असलं काही काजूनं कधी पाहिलंच नव्हतं. तो भेदरून पळाला तो थेट एका माणसाच्या पायांत. माणूस पडला, मनगट मोडलं. मी मागून नुसता फरफटत होतो. मला फार लाज वाटली, पण काजूची नाही.

बातमी सोसायटीत पोचली, कमिटी बसली. सही करणारेच आता जाब विचारत होते. उद्धवराव उठून म्हणाले, "कुत्र्यातच फॉल्ट आहे."

"फॉल्ट तुमच्यात आहे!" वहिनी ओरडल्या. ते कुणी लिहून घेतलं नाही.

रविवारी काजूला कांदा बाजारातल्या एका शेडवर सोडायला नेलं. वहिनी आल्या नाहीत. तिथला राखणदार ज्ञानदेव म्हणाला, "ऱ्हाईल की हितं. पर ह्यो पट्टा न्या तुमचा, आमी कुत्री बांधत न्हाई."

माझी कडी निघाली. चहूकडे हमालांची आरडाओरड, ट्रकांचे हॉर्न. काजू थरथर कापत होता. तरी तो बसला. कुणीही "बस" म्हटलं नव्हतं. अगदी ताठ बसून तो उद्धवरावांच्या तोंडाकडे बघत राहिला. शाबासकीचा तो एक शब्द यायचा होता. उद्धवराव फोनवर बोलत गाडीकडे वळले.

आता सोसायटीच्या ग्रुपवर माझा फोटो आहे. खाली लिहिलंय, "कुत्र्याचा पट्टा. जवळजवळ नवा." उद्धवरावांनी लिहिलेलं हे एवढंच खरं. तुम्ही मला न्याल, तर रोज अर्धा तास माझं टोक स्वतः धरा, आणि रस्त्यावर, गर्दीत, माणसांत चला. तेवढं जमणार नसेल तर कृपा करा, कुत्रं आणू नका. माझ्यानं माळ्यावरची गादी बांधा. ती तुमच्या तोंडाकडे बघत बसणार नाही.