बसू नको

अन्नपूर्णाबाईंनी बर्फाच्या माणसाचं चित्र पालथं घातलं आणि त्या कागदावर लसूण सोलायला घेतला.

"मामी, त्यात रंग भराचा होता," मंजुश्री म्हणाली. सासूला ती मामीच म्हणायची.

"मी काय अंगणवाडीत हाये?" अन्नपूर्णाबाईंनी सोललेली पाकळी कागदावर टाकली. "तूच भर."

मंजुश्रीनं रंगीत पेन्सिली गोळा करून डब्यात घातल्या. अकोल्याच्या डॉक्टरांनी विसरण्याच्या आजाराचं नाव सांगितलं होतं, गोळ्या लिहून दिल्या होत्या आणि 'यांना कशात तरी गुंतवून ठेवा' असं म्हणत पुढच्या पेशंटला आत बोलावलं होतं. कशात गुंतवायचं, ते विचारायचं राहून गेलं. मग तिनं मोबाइलवर शोधलं. या आजाराच्या माणसांसाठी कुणीतरी परदेशात बसून कागद तयार केले होते आणि ते सगळ्यांसाठी फुकट ठेवले होते. रंगवायची चित्रं, जोड्या लावायची चित्रं, गप्पा मारायला प्रश्न. सगळं इंग्रजीत, मोबाइल त्याचं मोडकंतोडकं मराठी करून देई. वरवट बकालच्या बाजाराला गेली की ती झेरॉक्सच्या दुकानातून त्यांच्या प्रती काढून आणायची.

गोपालला, तिच्या नवऱ्याला, हे बघवत नसे.

"जिनं गाव चालवलं तिले तू सफरचंद ओळखाले लावून राह्यली," तो म्हणे आणि जेवणाचं ताट घेऊन ओसरीवर जाई. आईच्या समोर बसणंच त्यानं सोडलं होतं.

बर्फाचा माणूस लसणाच्या सालींत गेल्यावर मंजुश्रीनं दुसरा कागद काढला. कप, छत्री, किल्ली, बाटली. चौकोन कापून तिनं ते सासूसमोर मांडले. अन्नपूर्णाबाईंनी छत्री बाजूला सारली, किल्ली बाजूला सारली आणि बाटलीचं चित्र आडवं केलं. मंजुश्रीनं ते सरळ केलं. त्यांनी परत आडवं केलं. तिनं पुन्हा हात लावला तशी तिच्या हातावर चापट बसली.

'आठवते का?' हे शब्द तिच्या ओठांवर आले होते. पण त्या कागदांबरोबर लिहिलं होतं, आठवतं का असं विचारू नका, माणूस खजील होतो. नुसतं बोलतं करा.

"आडवी काऊन ठेवली, मामी?"

"दारूची हाये नं. आडवीच करा लागते." अन्नपूर्णाबाई ताठ झाल्या. "तुले मत देता येत नाई का, बाई?"

मंजुश्री या घरात येण्याच्या आधीची गोष्ट. अन्नपूर्णाबाई सरपंच असताना गावातलं देशी दारूचं दुकान बायकांनी मतदान करून बंद पाडलं होतं. मतपत्रिकेवर दोन बाटल्या छापल्या होत्या. उभी म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद. मंजुश्रीला तेवढंच ठाऊक होतं. बाकीचं तिला त्या दुपारी आणि पुढच्या कितीतरी दुपारी तुकड्यातुकड्यांनी मिळालं. नवऱ्यानं कोंडलेली एक बाई गोठ्याच्या दारानं निघून ओल्या लुगड्यानिशी मत द्यायला कशी आली. कुणाचा तरणा पोरगा दारू पिऊन दुकानाच्या पायरीवरच मेला. अन्नपूर्णाबाई एकच प्रसंग परत परत सांगत, माणसं अदलाबदल करत, मधेच हरवून गप्प बसत. मंजुश्री ते बाटलीचं चित्र पुढे सरकवी. कधी धागा सापडे, कधी त्या चित्राकडे बघून 'चहा ठेव' म्हणत.

मग एका संध्याकाळी गोपाल बातमी घेऊन आला. फाट्यावर बिअर बार होणार होता, उपसरपंच वामनरावांच्या साल्याचा. ग्रामसभेत ना हरकत घ्यायची होती.

"त्या दिवशी आईले घरातच ठेव," तो म्हणाला. "लोक हासतीन."

"हासले तर हासले."

"तुले काय जाते? आई माही हाये."

"मंग दुपारभर तिच्यापाशी कोण बसते?"

गोपाल चप्पल पायात सरकवून बाहेर पडला.

ग्रामसभेच्या दिवशी मंजुश्रीनं सासूची वेणी घातली, इस्त्रीचं लुगडं नेसवलं. मागच्या गल्लीनं जाता आलं असतं. ती मुद्दाम मोठ्या रस्त्यानं निघाली. कुणीतरी ओट्यावरून म्हणालं, "अवं, म्हातारीले काऊन फिरवून राह्यली?" तिनं सासूचा हात घट्ट धरला आणि चाल आणखी संथ केली.

मांडवात पुरुष खुर्च्यांवर होते, बाया सतरंजीवर. वामनराव स्वतः पुढे आले. "काकू, तुमी कायले तरास घेतला?" त्यांनी वाकून नमस्कारही केला.

ग्रामसेवकानं ठराव वाचला. "कोणाची हरकत?"

अन्नपूर्णाबाई उठल्या. त्यांनी सगळीकडे नजर फिरवली. ओठ हलले. मग त्यांनी विचारलं, "बैलाईले पाणी दाखवलं का?"

एक जण हसला. मग सगळी खुर्च्यांची बाजू हसली.

"गोपाल, आईले घरी ने, बाबू," वामनराव मऊ आवाजात म्हणाले.

मागच्या रांगेतून गोपाल आला. त्याचे कान लाल झाले होते. त्यानं आईचा दंड धरला. तेवढ्यात मंजुश्री उभी राहिली.

"हरकत हाये."

"कोणाची?" ग्रामसेवकानं विचारलं.

"माही. लिहा."

तिनं पदर घट्ट मुठीत धरला. "एक बाई गोठ्याच्या दारानं मत द्याले आली होती. इथीच बसून हाये. पायरीवर पोरगा मेला, थो कोणाचा, सगळ्याईले मालूम हाये. मी तवा या गावात नव्हती. मले मामीनं सांगितलं." ती खुर्च्यांकडे वळली. "तिले तं इसरण्याचा आजार हाये. तुमाले काय झालं?"

आता कुणी हसलं नाही. सतरंजीवर बांगड्या वाजल्या. एक पोक्त बाई जागची न हलता म्हणाली, "माहीबी लिहा." तिच्यामागून आणखी एक.

गोपालचा हात आईच्या दंडावर तसाच होता, पण तो ओढत नव्हता. त्यानं आईला अलगद खाली बसवलं आणि बायकांच्या त्या सतरंजीवर, तिच्या शेजारी, स्वतःही मांडी घातली.

ग्रामसेवकाचं पेन उघडं होतं. तो वामनरावांकडे बघत होता. मंजुश्रीचं बोलून झालं होतं. ती बसायला वाकली, तसा खालून तिच्या निऱ्यांना हिसका बसला. अन्नपूर्णाबाई तिच्याकडे मान वर करून बघत होत्या, एखाद्या नव्या, कामाच्या बाईकडे बघावं तशा.

"तू कोण्या घरची, मले मालूम नाई, बाई," त्या म्हणाल्या. "पण बसू नको. थो लिहत नाई तवरिक उभी राह्य."

मंजुश्री बसली नाही.